करार मोडला तर देव काय करतो?

समुद्रकाठची शिक्षिका

नमस्कार. आमच्या मंडळीत मी बरीच वर्षे रविवारी मुलांचा वर्ग घेते. रत्नागिरीच्या दक्षिणेला खाडीकाठी आमचे गाव आहे आणि वर्गातली बहुतेक मुले आंब्यावर नाहीतर मासळीवर जगणाऱ्या घरांतली आहेत. जूनच्या पहिल्या रविवारी नोहाचा धडा होता. जलप्रलय ओसरल्यावर परमेश्वराने नोहाशी, त्याच्या संततीशी आणि पृथ्वीवरच्या प्रत्येक जिवाशी करार केला आणि ढगांतले धनुष्य ही त्या कराराची खूण ठरवली, इथपर्यंत मी आले होते. तेवढ्यात सातवीतल्या एका मुलाने हात वर करून विचारले, "बाई, करार मोडला तर देव दिलेले पैसे परत मागतो का?"

वर्गात कोणीही हसले नाही, कारण प्रश्न कुठून आला ते सगळ्यांना ठाऊक होते. त्याच्या घरची कलमे पाच वर्षांच्या कराराने एका व्यापाऱ्याला दिलेली आहेत. यंदा अवकाळी पावसाने मोहोर काळा पडला, फळ हाती लागले नाही, आणि व्यापाऱ्याने कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवून राहिलेला हप्ता तर नाकारलाच, वर दिलेली उचलही परत मागितली. मुलाने आपल्या वडिलांना तो कागद ट्रंकेतून काढून ओटीवरच्या दिव्याखाली पुन्हा पुन्हा वाचताना पाहिले होते. मुद्रांकाचा हिरवट कागद, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या आणि आजीचा शाईत बुडवलेला अंगठा. करार म्हणजे काय, हे त्या मुलाला माझ्यापेक्षा चांगले कळत होते.

"देव तसा नाही रे," एवढेच मी म्हणाले आणि पुढच्या वचनाकडे वळले. हे उत्तर नव्हे, हे मला त्याच क्षणी जाणवले. आपल्या पवित्र शास्त्राच्या दोन्ही भागांच्या नावांत हा शब्द आहे, जुना करार आणि नवा करार. प्रभुभोजनाच्या प्याल्यावर तो उच्चारला जातो. आणि तरीही मी तो मुलांना कधी नीट उलगडून सांगितलेला नाही.

घरी येऊन पवित्र शास्त्रातल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय काढला. इब्री (हिब्रू) या जुन्या कराराच्या मूळ भाषेत 'करार' या शब्दाला 'बेरीथ' म्हणतात आणि त्याच्याबरोबर येणारे क्रियापद 'कापणे' असे आहे, म्हणजे इब्रीत करार करत नाहीत, कापतात. अब्राहाम (तेव्हा तो अजून अब्रामच होता) देवाला विचारतो की हा देश मला मिळेल हे मी कशावरून समजू? त्यावर देव त्याला तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला आणि पारव्याचे एक पिलू आणायला सांगतो. अब्राहाम जनावरे मधोमध चिरतो, अर्धी समोरासमोर मांडतो आणि दिवसभर त्यांच्यावर झडप घालणारी गिधाडे हाकलत बसतो. हे हाकलणे मला फार खरे वाटते, कारण वचन मिळाल्यावर ते पुरे होईपर्यंत माणसाच्या वाट्याला पुष्कळदा तेवढेच काम येते.

या विधीचा अर्थ यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात उघड होतो. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला असताना तिथल्या सरदारांनी आपल्या इब्री दासदासींना मुक्त करण्याचा करार केला, कापलेल्या वासराच्या दोन भागांमधून ते चालत गेले, आणि वेढा थोडा ढिला पडताच त्याच माणसांना त्यांनी पुन्हा गुलाम केले. त्या भागांमधून चालणारा माणूस स्वतःवर शपथ घेत असे की मी शब्द मोडला तर माझी गत या जनावरासारखी होवो. आता पंधराव्या अध्यायाकडे परत या. सूर्य मावळतो, अब्राहामाला गाढ झोप लागते, आणि त्या भागांमधून धुमसणारी भट्टी आणि जळती मशाल जाते. अब्राहाम स्वतः त्यांमधून जात नाही. ज्याला शब्द पाळून घ्यायचा होता तो झोपलेला आहे आणि ज्याने शब्द दिला तो एकटाच शपथेच्या वाटेने चालला आहे.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथे कुठेतरी आहे असे मला वाटते. पण ते बारा वर्षांच्या मुलाला, आणि खरे सांगायचे तर त्याच्या वडिलांनाही, कोणत्या शब्दांत सांगावे ते सुचत नाही. मराठीतला 'करार' हा शब्दच आड येतो का? तुमच्या मंडळीत, तुमच्या घरात हा शब्द कसा समजावला जातो, ते वाचायला आवडेल.

वसईचा वाचक

ताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. आम्ही कॅथलिक, आमच्याकडे हा शब्द रोजच्या मिस्सामध्ये कानांवर पडतो. धर्मगुरू प्याला उचलतात तेव्हा ते रक्त नव्या आणि सार्वकालिक कराराचे आहे असे म्हणतात. ही वाक्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायातून आणि प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातून आलेली आहेत, आणि त्यांच्या मागे निर्गमाचा चोविसावा अध्याय उभा आहे. मोशेने तिथे बलीचे अर्धे रक्त वेदीवर आणि अर्धे लोकांवर शिंपडले. वेदीवरचे ते देवाच्या बाजूचे, आपल्यावरचे ते आपल्या बाजूचे, आणि रक्त मात्र एकच. त्यानंतर सत्तर वडीलजन डोंगरावर गेले, त्यांनी देवाला पाहिले आणि ते जेवले. हे जेवण बहुतेकांच्या वाचनातून निसटते. कागदावर सही झाली की दोन पक्ष आपापल्या वाटेने जातात. सीनायवर मात्र पंगत बसली.

शब्दाविषयी थोडे वेगळे मत मांडतो. 'करार' हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला आणि दरबारी मराठीत रुळला. मुळात त्याचा अर्थ स्थिरपणा, ठरलेपण, विसावा असा आहे. हिंदी-उर्दूत अस्वस्थ मनाला 'बेकरार' म्हणतात, ते यामुळेच. तेव्हा शब्दाला टाकून देऊ नये असे मला वाटते. मुद्रांकाच्या कागदाने त्याला चिकटलेला वास थोडा बाजूला केला तर आत जे उरते, म्हणजे जिथे मनाला ठहराव मिळतो ते ठिकाण, ते बेरीथच्या बरेच जवळ आहे.

ग्रीक भाषांतरकारांपुढेही हाच पेच होता. दोन समान पक्षांच्या तहाला ग्रीकमध्ये 'सिन्थेके' हा शब्द होता, पण इब्री शास्त्राचे ग्रीक भाषांतर करताना त्यांनी प्रामुख्याने 'दियाथेके' हा शब्द निवडला, आणि त्याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ मृत्युपत्र असा होता. मृत्युपत्रात घासाघीस नसते. देणारा ठरवतो आणि घेणाऱ्याला मिळते. इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात लेखक याच दुहेरी अर्थावर उभा राहून सांगतो की मृत्युपत्र ते करणाऱ्याच्या मरणानंतरच लागू होते. लॅटिनमध्ये त्याचे 'तेस्तामेन्तुम' झाले. आपल्या किनाऱ्यावर फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोल येथे छापलेल्या ख्रिस्तपुराण या ओवीबद्ध ग्रंथात यांपैकी काहीच घेतले नाही. त्यांनी दोन भागांना पहिले पुराण आणि दुसरे पुराण म्हटले. ओवी ऐकणाऱ्या माणसाला ते लगेच आपले वाटले असणार, पण त्यात करार हा शब्द मात्र हरवला. प्रत्येक भाषांतरात काही मिळते आणि काही सुटते.

मालवणी माणूस

मी ख्रिस्ती नाही, पण धागा पहिल्यापासून वाचला आणि एक शंका विचारल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणे घालतात. गावकार उभा राहून सगळ्या गावाच्या वतीने मागणे मांडतो आणि प्रत्येक ओळीला जमलेली माणसे "होय महाराजा" म्हणतात. कोणी नवसही बोलतो की पोर बरे झाले तर अमुक करीन, आणि बरे झाल्यावर तो नवस फेडतो. आपला करार आणि आमचा नवस यांत फरक काय? दोन्हीकडे देणे-घेणे आहेच ना? हे खोडून काढण्यासाठी विचारत नाही, समजून घ्यायचे आहे.

दुसरे असे की तुमच्या शास्त्रात 'मिठाचा करार' असा शब्द आहे, असे माझ्या एका मित्राने मला सांगितले होते. माझे आजोळ शिरोड्याच्या मिठागरांजवळचे, म्हणून तो शब्द डोक्यात राहिला. त्याचा अर्थ कोणी सांगेल का?

समुद्रकाठची शिक्षिका

दादा, प्रश्न अगदी योग्य आहे आणि आमच्या शास्त्रातही नवस आहेत, हे आधी मान्य करते. भावाच्या रागाला भिऊन पळालेला याकोब बेथेलला दगडाची उशी करून झोपतो, आणि जागा झाल्यावर म्हणतो की देव माझ्याबरोबर राहिला, खायला भाकर आणि ल्यायला वस्त्र दिले, आणि मी सुखरूप घरी परतलो, तर परमेश्वर माझा देव होईल. हा शब्दशः नवस आहे. पण त्याच्या आधीच्या वचनांत काय घडले आहे ते पाहा. याकोब झोपलेला असताना देवाने त्याला सांगितले आहे की मी तुझ्याबरोबर आहे, तू जाशील तिथे तुझे रक्षण करीन, तुला या देशात परत आणीन. याकोब 'जर' म्हणतो, पण त्याने 'जर'ने मागितलेले त्याला आधीच 'जर' न लावता मिळून चुकले आहे. नवस माणसाच्या गरजेतून निघतो आणि माणूस तो फेडतो. बेरीथ देवाकडून निघतो, माणूस झोपेत असतानासुद्धा. एवढाच फरक मला दिसतो, पण तो माझ्यासाठी फार मोठा आहे.

मिठाविषयी: गणनेच्या अठराव्या अध्यायात आणि दुसऱ्या इतिहासाच्या तेराव्या अध्यायात हा शब्द येतो, आणि लेवीय पुस्तकात प्रत्येक अन्नार्पणाला मीठ लावायला सांगितले आहे. मीठ नासत नाही आणि दुसऱ्यालाही नासू देत नाही. खारवलेला बांगडा पावसाळाभर टिकतो हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. शिवाय एज्राच्या पुस्तकात राजाला पत्र लिहिणारे अधिकारी आम्ही राजवाड्याचे मीठ खातो असे म्हणून आपली निष्ठा सांगतात. आपल्या भाषेत 'खाल्ल्या मिठाला जागणे' हे तर जसेच्या तसे आहे. माझ्या मते मराठी माणसाला करार समजावण्याचा याहून सोपा रस्ता नाही. आणि त्यातली उलटापालट अशी की इथे प्रथम देवच मिठाला जागतो.

बाणकोटकर

वरील सर्व प्रतिसाद आवडले. तरी एक सावधगिरीचा शब्द लिहिणे मला कर्तव्य वाटते. आपण अब्राहामाच्या कराराकडे पाहून सगळ्याच करारांना बिनशर्त म्हणू लागलो आहोत आणि ते शास्त्राला धरून नाही.

सीनायचा करार स्पष्टपणे अटींचा आहे. निर्गमाच्या एकोणिसाव्या अध्यायातच 'तुम्ही माझा करार पाळाल तर' असे शब्द आहेत, आणि अनुवादाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आशीर्वादांपेक्षा शाप कितीतरी पट अधिक आहेत. प्राचीन हित्ती राजांनी आपल्या मांडलिकांशी केलेल्या तहनाम्यांची रचना अशीच होती, हे जॉर्ज मेंडेनहॉल या अभ्यासकाने १९५४ मध्ये दाखवून दिले: प्रथम राजाची ओळख, मग त्याने मांडलिकावर पूर्वी केलेले उपकार, मग अटी, मग साक्षीदार, आणि शेवटी शाप व आशीर्वाद. इस्राएलने अटी मोडल्या आणि इ.स.पू. सहाव्या शतकात यरुशलेम पडले, मंदिर जळाले, लोक बाबेलला नेले गेले. विलापगीत वाचणाऱ्याला करार मोडण्याची किंमत कळते. 'देव काही म्हणत नाही, चालते' असे मुलांना शिकवले तर ते खोटे शिक्षण होईल.

तरीही त्या तहनाम्याच्या रचनेत एक गोष्ट लपलेली आहे. दहा आज्ञांची सुरुवात आज्ञेने होत नाही. 'ज्याने तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले तो मी परमेश्वर तुझा देव आहे' हे आधी येते. समुद्र ओलांडून झाला, फारोचे रथ बुडाले, अरण्यात देवाने दिलेला मान्ना हा आहार खाऊन झाला, आणि मग अटी आल्या. आज्ञा पाळल्या म्हणून सुटका झाली असा क्रम कुठेच नाही. पौल गलतीकरांस लिहितो की चारशे तीस वर्षांनंतर आलेले नियमशास्त्र आधीच्या वचनाला रद्द करू शकत नाही. वचन पाया आहे, आणि अटी त्या पायावर उभ्या राहिलेल्या घरातल्या राहणीच्या आहेत. बापाने मुलाला शिस्त लावली म्हणून मुलगा परका होत नाही, आणि परका होत नाही म्हणून शिस्त खोटीही ठरत नाही.

आमच्या भागाला या विचाराचा जुना धागा आहे. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीने बाणकोट आणि हर्णैला काम सुरू केले. ते लोक ज्या परंपरेतून आले होते तिच्यात करार हा धर्मविचाराचा कणा होता; वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार या त्यांच्या धर्मविश्वासाच्या लेखी मांडणीच्या सातव्या प्रकरणात 'कर्मांचा करार' आणि 'कृपेचा करार' असे दोन भाग पाडलेले आहेत. स्कॉटलंडमध्ये तर १६३८ साली लोकांनी आपल्या मंडळीच्या स्वातंत्र्यासाठी राष्ट्रीय करारावर सह्या केल्या आणि पुढे त्यासाठी कित्येकांनी प्राण दिले. मला मात्र 'कर्मांचा करार' ही मांडणी पूर्ण पटत नाही, कारण एदेन बागेच्या वर्णनात बेरीथ हा शब्दच नाही. पहिल्यांदा तो नोहाच्याच गोष्टीत येतो, म्हणजे अगदी ताईंच्या धड्यात.

अष्टागरकर

'जुना करार' या शब्दातल्या 'जुना' या विशेषणाविषयी लिहायचे आहे. आमच्या अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात हा विषय पुस्तकातला नाही, शेजारचा आहे.

नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्राएल या कोकणातल्या यहुदी समाजाची परंपरा आहे. हे लोक अष्टागरात आणि आसपासच्या गावांत पसरले, तेलाच्या घाण्या चालवू लागले, मराठी बोलू लागले आणि गावांच्या नावांवरून आडनावे लावू लागले. शनिवारी त्यांची घाणी बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. त्यांच्याकडे शास्त्राच्या गुंडाळ्या उरल्या नव्हत्या, बहुतेक प्रार्थनाही विसरल्या होत्या. उरले होते ते एवढे: आठव्या दिवशी मुलग्याची सुंता, शनिवारचा विसावा, अन्नाविषयीचे काही नियम आणि 'ऐक, हे इस्राएला' ही प्रार्थना. उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात सुंतेला आणि निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात शब्बाथाला कराराचीच खूण म्हटले आहे. म्हणजे पुस्तक हरवले, भाषा बदलली, आणि खुणा मात्र उरल्या. करार कागदावर नसून अंगावर आणि आठवड्याच्या दिवसांत लिहिलेला असतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मला कोकणात दुसरा ठाऊक नाही.

माझ्या आजीच्या शेजारी असे एक घर होते. मलिदा या त्यांच्या आभारविधीच्या दिवशी गोड पोह्यांचे ताट आणि त्यावर मांडलेली फळे तिने पाहिली होती, आणि एलिया संदेष्ट्याच्या नावाने तो प्रसाद तिलाही मिळत असे. यहुदी परंपरेत प्रत्येक सुंतेच्या वेळी एलियासाठी खुर्ची ठेवतात, कारण करार पाळला जातो आहे की नाही हे पाहायला तो येतो असे मानतात. त्या घरातली माणसे पुढे इस्राएलला गेली. अलिबागचे सिनेगॉग अजून उभे आहे.

म्हणून माझा आग्रह असा की ख्रिस्ती शिक्षकाने 'जुना' म्हणजे 'रद्द झालेला' असे कधीही शिकवू नये. यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात नव्या कराराचे जे वचन आहे तेही इस्राएलच्या आणि यहूदाच्या घराण्याला दिलेले आहे, आणि त्यात नियमशास्त्र फेकून देणार असे नाही, ते हृदयांवर लिहिणार असे आहे. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल म्हणतो की देवाला आपल्या कृपादानांचा आणि पाचारणाचा पस्तावा होत नाही. आणि १९६५ मध्ये कॅथलिक धर्मसभेच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीच्या आपल्या घोषणेत याच अध्यायाचा आधार घेतला. ताईंच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. देवाने जर पहिला करार मोडीत काढला असेल, तर दुसरा तो मोडणार नाही याची खात्री आपल्याला कोण देणार?

परिचारिका

इतक्या अभ्यासू चर्चेत मी लिहावे की नाही, असे दोन दिवस मनात चालले होते. मी सिंधुदुर्गात रुग्णालयात काम करते आणि करार हा शब्द मला पुस्तकात कमी आणि माणसांच्या संसारात जास्त भेटतो, कारण आपण विवाहालाही करार म्हणतो.

माझ्या आईला अर्धांगवायू झाला तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्यानंतर नऊ वर्षे वडिलांनी तिचे सगळे केले. त्यांचे हात होडीवर वल्ही मारून आणि जाळी ओढून राठ झालेले. पण ते पहाटे तिच्या केसांना खोबरेल लावून वेणी घालायला शिकले. सुरुवातीला वेणी सैल व्हायची, तिरकी व्हायची, आई एका बाजूने वळलेल्या ओठांनी नापसंती दाखवायची, आणि ते पुन्हा सोडून पुन्हा घालायचे. बदल्यात तिच्याकडून काही मिळण्याची शक्यताच नव्हती, पुष्कळदा तिला त्यांचे नावही आठवत नसे. इब्रीत 'हेसेद' असा शब्द आहे असे आमच्या पाळकांनी एकदा सांगितले होते. कराराला जागणारी, न संपणारी दया असा त्याचा अर्थ. एकशे छत्तिसाव्या स्तोत्रात प्रत्येक वचनाला ती येते. मी ते स्तोत्र ऐकते तेव्हा मला खोबरेलाचा वास येतो.

पण दुसरी बाजू लिहिली नाही तर मी माझ्या कामाशी अप्रामाणिक ठरेन. मार खाऊन आलेल्या ख्रिस्ती बायकांच्या जखमा मी बांधल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर आलेले नातेवाईक त्यांना 'लग्न हा देवापुढचा करार आहे, तू मोडू नकोस' असे सांगताना मी ऐकले आहेत. मलाखीच्या दुसऱ्या अध्यायात विवाहाला करार म्हटले आहे, ते खरे. पण तिथे जाब कोणाला विचारला आहे ते त्यांनी वाचलेले नसते. जाब पुरुषाला विचारला आहे, तारुण्यातल्या बायकोशी त्याने विश्वासघात केला म्हणून, आणि त्याचे अर्पण देव स्वीकारत नाही असे तिथे लिहिले आहे. जिच्यावर हात उगारला गेला ती बाहेर पडते तेव्हा करार आधीच मोडलेला असतो, आणि तो तिने मोडलेला नसतो. हे मंडळीत मोठ्याने सांगितले जावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वसईचा वाचक

परिचारिका ताईंच्या प्रतिसादाला माझा पूर्ण पाठिंबा. आमच्या धर्मसभेत विवाह अतूट मानतात हे सर्वांना ठाऊक आहे, पण जोडीदाराकडून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याचा मार्ग धर्मसभेचा कायदाच देतो, हे मात्र कितीतरी घरांत माहीत नसते. विवाहपूर्व शिबिरांत ते सांगितले पाहिजे.

समुद्रकाठची शिक्षिका

सर्वांची ऋणी आहे. बाणकोटकर दादांचा इशारा घेतला आणि परिचारिका ताईंचा प्रतिसाद आमच्या महिला मंडळात वाचून दाखवला. त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि मग दोन बायका बोलल्या. त्यांचे इथे लिहिणे बरे नव्हे.

वर्गाचे सांगते. अष्टागरकरांनी रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय काढला, तो मी पुन्हा वाचला, आणि त्यातला जैतुनाच्या झाडाचा दृष्टान्त वाचताना मला त्या मुलाच्या घरचीच बाग दिसली. इस्राएल हे मूळ झाड, आणि आपण परजातीय, म्हणजे यहुदी नसलेले, लोक म्हणजे त्यावर बांधलेली रानटी जैतुनाची फांदी. कलमाची भाषा. गेल्या रविवारी मी मुलाच्या वडिलांना वर्गात बोलावले. व्यापाऱ्याशी त्यांचा तंटा अजून मिटलेला नाही. गावातली दोन जाणती माणसे मध्ये पडली आहेत, आणि देवाचा करार वेगळा आहे म्हणून त्यांनी आपला हक्क सोडावा असे मी त्यांना सांगितलेले नाही.

त्यांनी येताना पिशवीतून रायवळ कोयीची रुजलेली कोवळी रोपे आणि हापूसच्या काड्या आणल्या. बाहेर पाऊस धरून होता. रोपाचा तांबूस देठ त्यांनी आडवा छाटला, मधोमध चीर दिली, काडीचे टोक पाचरीसारखे तासून त्या चिरेत बसवले आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट आवळून बांधले. मुलांना हे नवीन नव्हते, पण प्रार्थनेच्या खोलीत ते होताना पाहून सगळी पुढे सरकली. करार कापतात म्हणजे काय, ते मी तेव्हा सांगितले: दोन्ही बाजूंना सुरी लागल्याशिवाय कलम धरत नाही. मग मी पौलाचे वचन वाचले.

त्या मुलाने मला मध्येच थांबवले. "बाई, हे उलटं लिहिलंय. मूळ रायवळाचं असतं आणि काडी चांगल्या झाडाची असते. चांगल्या झाडावर रानटी काडी कोण बांधेल? फळ रानटीच लागणार."

वडील मान खाली घालून पट्टीची गाठ तपासत होते. "बरोबर बोलतोय तो," ते म्हणाले. "असं कोणी करत नाही."

मी त्याच्या हातात पुस्तक दिले आणि चोविसावे वचन मोठ्याने वाचायला सांगितले. हे कलम निसर्गक्रम सोडून लावलेले आहे, असे तिथे पौलाने स्वतःच म्हटले आहे. मुलाने ते एकदा वाचले, वडिलांकडे पाहिले, आणि कोणी न सांगता पुन्हा एकदा वाचले. बांधलेली रोपे आता प्रार्थनामंदिराच्या पडवीत पागोळ्यांपासून जरा आत ठेवली आहेत. काडीला फूट आली की इथे कळवीन.